कोकणात तंबू घेऊन फिरायला सायकल घेताय? आधी टायरची जागा मोजा

दिवाळी झाली की ‘कोकण किनारा सायकलने करायचाय, कुठली सायकल घेऊ?’ हा प्रश्न सुरू होतो. बहुतेकांना दोनच सल्ले मिळतात. एकतर हलकी रोड बाइक घ्या, नाहीतर ‘रस्ते खराब आहेत’ म्हणून पुढे शॉकअप असलेली हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) घ्या. रेवस ते रेडी सागरी मार्गावर, १५ किलो सामान लादून, हे दोन्ही सल्ले त्रास देतात, असं माझं ठाम मत आहे.

हा रस्ता एकाच प्रकारचा नाही. गुळगुळीत डांबर, त्यावरची उखडलेली खडी, जांभ्याच्या सड्यावरची (खडकाळ पठारावरची) लाल कच्ची वाट आणि किनाऱ्यालगत वाळू, हे सगळं एकाच दिवशी भेटतं. खाडी लागली की उतरून जेट्टी, आणि पलीकडे लगेच पुन्हा सड्यावर चढ. हे चढ लहान असतात, पण अंगावर येतात.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न एवढाच विचारा: या फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो, तेही मडगार्ड लावून? किमान ४५ मिमी. ३२ मिमीच्या पुढे काही बसत नसेल तर ती सायकल कितीही सुंदर दिसो, या कामाची नाही.

आराम टायरमधल्या हवेतून येतो. स्वार ७० किलो, सायकल आणि सामान मिळून ३०, म्हणजे १०० किलोचा बोजा धरा. २८ मिमीच्या टायरमध्ये ८०-९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरावेच लागतात, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. तोच बोजा ४७ मिमीच्या टायरवर मागे ४५ आणि पुढे ३५ पीएसआयवर नीट चालतो. हाताला आणि कंबरेला जो फरक जाणवतो तो याच आकड्यांचा. टायरच्या बाजूला छापलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा असते. तेवढी हवा भरून फिरायचं नसतं.

स्वस्त हायब्रिडवरचा स्प्रिंगचा शॉकअप मात्र टाळा. तो एकटाच दोन किलोंच्या वर भरतो, चढावर उभं राहून पॅडल मारताना खालीवर होत ताकद खातो, आणि लाल धूळ आत गेली की जड होतो. शिवाय त्यावर पुढचं कॅरियर लावायला भोकं नसतात, त्यामुळे सगळं सामान मागे जातं आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. साधा सरळ फोर्क आणि रुंद टायर ही जोडी जास्त आरामदायी आणि जास्त टिकाऊ.

टायरचा मापाचा घोळ समजून घ्या. गावातल्या दुकानात ‘२८ चा टायर’ मिळतो तो जुन्या काळ्या सायकलचा, त्याचा रिमवरचा व्यास ६३५ मिमी. आपल्या ७०० सी चाकाचा व्यास ६२२. तो टायर बसत नाही, कितीही ओढाताण केली तरी. ७०० सी चाकं असतील तर एक घडी होणारा टायर आणि दोन ट्यूब सोबत हव्यातच. व्यास ५५९ असलेल्या २६ इंची चाकाचं सामान तालुक्याच्या गावी जास्त सहज मिळतं, म्हणून जुनी, बिनशॉकअपची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) चांगल्या अवस्थेत मिळाली तर तिला नाकं मुरडू नका. आणि ट्यूब शक्यतो मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. रिमचं भोक त्या मापाचं आहे ना, एवढं पाहा.

आता गिअर. दुकानदार ‘२१ गिअर, २४ गिअर’ सांगतो. त्या संख्येला अर्थ नाही, सर्वात हलका गिअर किती हलका आहे ते मोजा. पुढच्या सर्वात लहान चेनरिंगचे (पॅडलजवळच्या चकतीचे) दाते भागिले मागच्या सर्वात मोठ्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा घेर. रोड बाइकला पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. लांब प्रवासाच्या सायकलच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्या आणि चेनरिंग मिळून) २६ आणि मागे ३६ असेल तर १.६ मीटर. मिनिटाला ६० फेरे धरले तर पहिल्यात वेग ९.३ किमी, दुसऱ्यात ५.८. आपल्या १०० किलोला ८ टक्के चढावर ९.३ चा वेग धरायला सव्वादोनशे वॉटच्या आसपास ताकद लागते. ५.८ ला १४० पुरते. वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात तासभर १४० वॉट बऱ्याच जणांना जमतात, सव्वादोनशे फार थोड्यांना. बाकीचे लोक फेरे मंदावत जोर लावत बसतात आणि गुडघे दुखवून घेतात.

म्हणून ही भागाकाराची संख्या ०.७५ च्या खाली हवी. पुढे तीन चेनरिंगचा ४८-३६-२६ क्रँक आणि मागे ११-३६ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), हे जुनाट वाटलं तरी उत्तम. हल्ली पुढे एकच चेनरिंग असलेल्या ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यासाठीच्या) येतात. त्यात पुढे ३८ आणि मागे ४२ असेल तर ०.९ होतात, सामानासकट कमी पडतात. तिथे ३४ ची चेनरिंग आणि ४६ पर्यंतची कॅसेट बसते का ते विचारा. शिमानो कंपनीच्या ९ स्पीडपर्यंत (मागे ९ चकत्या) रोड बाइकच्या शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याला, एमटीबीचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चालतो. १० स्पीडपासून केबल ओढण्याचं माप वेगळं झालं, तिथे अशी सरमिसळ जमत नाही.

बसण्याबद्दल. जाड जेलचं सीट कव्हर अर्ध्या तासाला छान वाटतं. मग बैठकीची दोन हाडं त्यात रुततात, मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाब पडतो आणि बधिरपणा येतो. हाडांच्या रुंदीला जुळणारी, जरा कडक सीट घ्या. उंचीसाठी टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर हवं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न होत असेल तर ग्लव्हज बदलण्याआधी सीटचं नाक खाली झुकलंय का आणि हँडल लांब पडतंय का ते बघा, कारण दोन्हीत शरीराचा भार तळहातावर येतो. ‘स्टॉकमध्ये हीच साइज आहे, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून देतो’ या दुकानदाराच्या बोलण्याला भुलू नका.

फ्रेम स्टीलची की अॅल्युमिनियमची, यावर लोक तासन्तास भांडतात. ४५ मिमीच्या टायरवर तो फरक फारसा कळत नाही. कॅरियर मात्र स्टीलचं घ्या, ते मोडलं तर गावातला वेल्डर जोडून देतो. अॅल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं. क्रँकच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर ४४० मिमीच्या वर असावं, नाहीतर टाच पॅनियरला (कॅरियरच्या बाजूच्या पिशवीला) लागते.

मागच्या चाकाला किमान ३२ स्पोक हवेत, ३६ असतील तर उत्तम. स्पोक तुटतो तो बहुधा मागे, चेनच्या बाजूला, हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकावर. ताण असमान असला की सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि थकून तुटतात. नवीन सायकल घेतल्यावर २००-३०० किमीनंतर चाकांचा आऊट काढून ताण सारखा करून घ्या. त्याच मापाचे चार स्पोक आणि कॅसेट काढायचं टूल सोबत ठेवा, कारण कॅसेट न काढता त्या बाजूचा स्पोक घालता येत नाही.

ब्रेक केबलवरचे डिस्क घ्या, केबल कुठेही बदलता येते. ओल्या लाल मातीत पॅड झपाट्याने झिजतात, दोन जोड जवळ हवेत.

पैसे देण्याआधी दोन पॅनियरमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून, १५ किलो करून, जवळच्या चढावर आणि उतारावर सायकल चालवून पाहा. हँडल थरथरत असेल तर वजन पुढे-मागे वाटून पुन्हा बघा. तरीही थरथरली तर ती फ्रेम सोडा. घेतलीच, तर कॅरियरच्या ५ मिमीच्या बोल्टांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि कच्च्या वाटेवरच्या पहिल्या दिवसानंतर रोज संध्याकाळी, तंबू ठोकण्याआधी, ॲलन कीने ते तपासा.