कबूल म्हणून टाक, सुटशील

बसस्टँडसमोरच्या भुर्जीच्या गाडीवरचं पोरगं मटक्याच्या धाडीत सापडलं, कोर्टात वकिलाशिवाय गुन्हा कबूल करून बसलं, आणि आता त्याला सरकारी खर्चाने वकील द्यायचा का, हे मॅटर. परवा कट्ट्यावर त्याच्यावरूनच पेटलं.

सुरुवात नानांनी केली. "मटक्यावर धाड पडली तेव्हा हा तिथे काय आरती करत होता का? कोर्टात स्वतःच्या तोंडाने कबूल केलं ना? मग आता वकील कशाला, तोही सरकारी, आमच्या टॅक्समधून!"

पक्या म्हणाला, "नाना, तुमचा टॅक्स किती ते घरपट्टीच्या वेळी बघितलंय सगळ्या गल्लीने."

मनीषा तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, लीगल एडच्या, म्हणजे सरकारी खर्चाने वकील देतात त्या पॅनेलवर आहे. ती म्हणाली, "त्याने कबूल का केलं ते विचारलंत का? मी होते कोर्टात, दुसऱ्या मॅटरला. पुकारा झाला, पोरगं हात जोडून उभं, मागून कोणीतरी म्हणालं कबूल म्हणून टाक, दंड भरून दुपारी सुटशील, नाहीतर तारखांना येत बस. एक तारीख म्हणजे एक दिवस गाडी बंद, एवढं त्याला कळत होतं. पोलीस भरतीच्या पडताळणीत हेच आडवं येणार, आणि कबुलीवर शिक्षा झाली की अपिलालाही फार वाव नसतो, हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं."

"खुनाची केस असती तर ठीक होतं," नाना.

"कायदाच तसा लिहिलाय ना, तीच तर बोंब!" मनीषा म्हणाली. " सेशन्स कोर्टात, म्हणजे खुनासारख्या मोठ्या केसेस चालतात तिथे, आरोपीची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो, फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, ते कलम ३०४ होतं, आता नव्या बीएनएसएसमध्ये ३४१. खालच्या कोर्टांना तेच लागू करायचं का, ते राज्य सरकारच्या मर्जीवर. पण सुप्रीम कोर्टाने १९८० च्या शेवटीच खत्रीच्या केसमध्ये सांगितलं, मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा उभं केल्यापासून वकील, आणि तसा हक्क आहे हे मॅजिस्ट्रेटनेच सांगायचं. १९८६ ची सुक दासची केस बघा, अरुणाचलची. आरोप धमकी दिल्याचा, शिक्षा दोन वर्षं. हायकोर्ट म्हणालं यांनी वकील मागितलाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने शिक्षाच रद्द केली. ज्याला हक्क माहिती नाही तो मागणार कसा?"

अभ्याचा भाऊ न्यू जर्सीला असल्यामुळे अमेरिका आलीच. तिकडे १९७२ मध्ये फ्लोरिडाच्या अर्गरसिंगर नावाच्या आरोपीला ९० दिवसांची जेल झाली होती, त्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकील दिल्याशिवाय एक दिवसही आत टाकायचं नाही. "पण किरकोळ गुन्ह्यात नुसता दंड असेल तर तिकडेही सरकारने वकील द्यायलाच पाहिजे असं नाही, १९७९ च्या निकालापासून," मनीषा म्हणाली. "आपल्याकडे तरी आहे की. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता. बायका, मुलं, एससी-एसटी, त्यांनाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत कमाई असेल तर. लीगल एड समितीचं ऑफिस कोर्टातच आहे, १५१०० ला फोन केला तरी चालतं. सांगतं कोण?"

मला विचाराल तर हाच मुद्दा आहे, तुला फुकट वकील मिळू शकतो, हे एक वाक्य त्या पोराला कोणीतरी सांगायलाच पाहिजे होतं, आणि ते न सांगता घेतलेली कबुली मला कबुली वाटत नाही.

"कसाबला पण दिला होता वकील!" नानांनी हुकमी पत्ता टाकला.

"दिला आणि उत्तम केलं," मनीषा म्हणाली. "त्याच्याच केसच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने परत लिहिलंय, वकिलाचा हक्क पहिल्याच वेळी आरोपीला सांगायचा म्हणून. कसाबला वकील देऊन देशाची मान ताठ ठेवली, ती भुर्जीवाल्यापुढे खाली का घालायची?"

नाना गप्प. पक्याने मात्र विचारलं की फुकटातला वकील तारखेला येतो तरी का? "सगळे येत नाहीत, खरंय," मनीषा म्हणाली, "फी तुटपुंजी, तीही कधी मिळेल नेम नाही. म्हणून तर नाल्साने, म्हणजे लीगल एडच्या देशपातळीवरच्या संस्थेने, २०२२ पासून जिल्ह्यांत फुलटाइम डिफेन्स काउन्सेल, म्हणजे आरोपींचे पगारी वकील, नेमायला सुरुवात केली."

"आणि नाना," अभ्या म्हणाला, "लोकअदालतीत स्कूटरचं चलान मिटवायला मनीषाला नेलं होतंत ना? धाड नाही, कोठडी नाही, सिग्नल तोडला होतात. तरी वकील लागला?"

"ते वेगळं होतं, मी सीनियर सिटिझन..."

"फी दिली का?"

"चहा पाजला होता की तिला!"

टपरीतून बाबू ओरडला, "तो माझ्या वहीत आहे अजून, नाना! भज्यांसकट!"

मग कसला कायदा आणि कसलं काय, गणपतीच्या वर्गणीचा जुना हिशोब निघाला आणि साडेदहापर्यंत तोच चालला.