पस्तीस तास आधी

वादाला तोंड विनायकने फोडले. त्याची चुलत बहीण 2024 च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे अडकून पडली होती आणि ती हकीकत तो आजही तावातावाने सांगतो. मिल्टन नावाचे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधले मोठे चक्रीवादळ, 9 ऑक्टोबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास किनाऱ्याला धडकले. टॅम्पाच्या विमानतळाने मात्र 8 ऑक्टोबरच्या सकाळी 9 वाजताच प्रवासी वाहतूक थांबवली होती. "म्हणजे जवळजवळ 35 तास आधी," विनायक म्हणाला. "तिचे विमान त्या दुपारचे होते आणि ते सहज उडाले असते. शिवाय वादळ ऐनवेळी दक्षिणेला सरकून सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की बेटावर आदळले आणि टॅम्पाच्या खाडीत पाणी चढण्याऐवजी उलट ओसरले. मग एवढी घाई कोणासाठी केली?"

अण्णांनी आयुष्याची बरीच वर्षे विमानतळाच्या ऍप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या फरसबंद मैदानावर, काढलेली असल्यामुळे या विषयावर ते बोलू लागले की आम्ही सहसा मध्ये बोलत नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे होते की विनायक तास मोजतो ते वादळाच्या डोळ्यापासून, म्हणजे मध्यापासून, तर ऍप्रनवर काम करणारी माणसे ते मोजतात पहिल्या जोरदार वाऱ्यापासून. मायामीतील राष्ट्रीय हरिकेन केंद्र हरिकेनचा इशारा देते तो वादळ धडकण्याच्या 36 तास आधी नव्हे, तर ताशी 63 किलोमीटरचा वारा पोहोचण्याच्या 36 तास आधी. कारण तसा वारा सुटल्यावर उघड्यावर उभे राहून कोणतीही तयारी करणे धोक्याचे ठरते. मोठ्या वादळाचा असा वारा डोळ्याच्या कितीतरी तास आधी येऊन ठेपतो. "तेव्हा तुझ्या 35 तासांतून ते तास वजा कर," अण्णा म्हणाले, "आणि मग उरलेल्या वेळात काय काय आवरायचे असते ते ऐक."

विमानांची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी असते, कारण विमान उडून जाऊ शकते. कंपन्या दोन-तीन दिवस आधीपासून मुक्कामी विमाने बंद करतात. संध्याकाळी येऊन रात्रभर थांबणारे आणि सकाळी निघणारे विमान त्या गावात उरूच नये, अशी वेळापत्रकाची फेरमांडणी केली जाते आणि उरलेली विमाने प्रवाशांसह किंवा रिकामी बाहेर काढली जातात. खरी अडचण होते ती दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या विमानाची. हॅंगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडमध्ये, जागा नसेल तर ते बाहेरच ठेवावे लागते. मग त्याच्या टाक्या इंधनाने भरायच्या, चाकांना ठोकळे लावायचे, इंजिनांच्या तोंडांवर आच्छादने चढवायची आणि नाक वाऱ्याकडे करायचे. बोइंग 737-800 चे रिकामे वजन सुमारे 41 टन असते आणि भरलेल्या टाक्या त्यात साधारण 20 टनांची भर घालतात.

"पण इतक्या जड वस्तूला वारा काय करणार?" असे मी विचारले आणि अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिले. विमानाचा पंख हा वाऱ्यावर उचलला जाण्यासाठीच घडवलेला असतो, आणि वारा आपल्याकडे येतो आहे की आपण वाऱ्याकडे धावतो आहोत, हा फरक पंखाला कळत नाही. पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र, श्रेणीच्या हरिकेनचा वारा ताशी 252 किलोमीटरपासून सुरू होतो. प्रवासी जेट धावपट्टी सोडते ते जवळपास याच वेगाला. त्यात आणखी एक मेख अशी की उत्तर गोलार्धात हे वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे ते पुढे सरकेल तशी एकाच ठिकाणची वाऱ्याची दिशाही बदलत जाते. संध्याकाळी वाऱ्याकडे असलेले विमानाचे नाक मध्यरात्री वाऱ्याला आडवे झालेले असते आणि तेव्हा ते वळवायला तेथे कोणीही नसते.

यापेक्षा जास्त वेळ बारीकसारीक वस्तूंना लागतो, आणि मला वाटते प्रवाशाला हेच कधी दिसत नाही. सामान चढवणारे पट्टे, विमान ओढणारे टग, ट्रॉल्या, शिड्या, रिकामे असताना 100 किलोंच्याही आत वजन भरणारे ऍल्युमिनियमचे कंटेनर, कचऱ्याचे डबे, दिशादर्शक पाट्या, रस्ताकामाचे शंकू. यांतले काहीही सुटले तर ते थेट टर्मिनलच्या काचेत शिरते. म्हणून जे आत मावेल ते आत न्यायचे आणि उरलेले इमारतीच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभे करून बांधायचे. एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारे पूल, मागे घेऊन, खाली उतरवून जखडायचे. गटारांची तोंडे मोकळी करायची. जनरेटरची टाकी भरायची. काउंटरवरचे संगणक प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. हवाई नियंत्रण खात्याची तर एक युक्ती मला फार आवडली: रडारची मोटर बंद करून अँटेना मोकळी सोडून देतात, म्हणजे ती वाऱ्याबरोबर गरगरते आणि मोडत नाही. टॉवरमधली माणसेही, टॉवरच्या ताकदीनुसार, वारा ताशी 88 ते 120 किलोमीटरच्या घरात पोहोचला की खाली उतरतात.

विनायक अर्थातच गप्प बसला नाही. त्याने 2017 चे उदाहरण काढले. त्या वर्षी 6 सप्टेंबरला, इर्मा हे हरिकेन दारात येऊन ठेपलेले असताना, डेल्टा या विमानकंपनीचे विमान न्यूयॉर्कहून पोर्तो रिकोतील सान हुआनला उतरले आणि तासाभराच्या आत प्रवासी भरून परतलेही. "तिथे जमले, मग इथे का जमू नये?" मुद्दा बिनतोड होता, हे मान्य करायला हवे. अण्णांचे उत्तर असे की डेल्टाचे स्वतःचे हवामानतज्ज्ञ आहेत, त्यांनी पावसाच्या दोन पट्ट्यांमधली फट हेरली आणि त्या फटीतून एकच विमान नेले-आणले. त्या एका विमानाकडे पाहून दिवसभराचे वेळापत्रक आखता येत नाही.

इतका वेळ ऐकत बसलेली सुधा इथे बोलली आणि वादाची दिशाच बदलली. "तुम्ही दोघेही विमानांचे तास मोजता आहात. ज्याने त्या ट्रॉल्या बांधल्या त्याचे घर कुठे आहे? त्याच किनाऱ्यावर ना? मिल्टनच्या दोनच आठवडे आधी हेलीन हे हरिकेन येऊन गेले होते; त्याचा राडारोडा अजून रस्त्यांच्या कडेला पडून होता. त्या माणसाला स्वतःच्या खिडक्यांना फळ्या ठोकायच्या होत्या, आई-वडिलांना किनाऱ्यापासून दूर कुठेतरी हलवायचे होते, आणि तेही लाखो लोक एकाच वेळी रस्त्यावर असताना. तुझ्या बहिणीचे दुपारचे विमान उडवायचे म्हणजे सुरक्षातपासणीपासून टॉवरपर्यंत निदान शंभर माणसे संध्याकाळपर्यंत तिथेच थांबवायची."

विनायकने यावर खडूसपणे विचारले की मग बहिणीने विमानतळावरच आसरा घेतला असता तर कोणाचे काय बिघडले असते. अण्णा म्हणाले की विमानतळ हा निवारा नसतो आणि वादळाआधी विमानतळाचे अधिकारी हेच वारंवार बजावत असतात. खाटा नाहीत, अन्नाचा साठा नाही, आणि चोहीकडे काचा. आत राहते ती निवडक माणसांची एक तुकडी, वारा पडताच धावपट्टीवरचा कचरा आणि दिवे तपासण्यासाठी. टॅम्पा 11 ऑक्टोबरच्या सकाळी उघडला तो त्यांच्यामुळे. आणि वादळ जिथे सरकले म्हणून विनायक खूश होता, त्या सॅरासोटाच्या टर्मिनलचे छप्पर फाटले. तो विमानतळ 16 तारखेपर्यंत बंद राहिला.

विनायकने 35 तासांचा हट्ट सोडला, पण एका गोष्टीवर तो अडून राहिला आणि त्यात मी त्याच्या बाजूचा आहे. तारीख फुकट बदलून देण्याची सवलत कंपन्या वादळाच्या काही दिवस आधी जाहीर करतात खऱ्या. पण बदलून जायचे कशाने, जर आधीच्या सगळ्या विमानांतल्या जागा संपलेल्या असतील तर? इर्माच्या वेळी जेटब्लू या विमानकंपनीने फ्लोरिडातून थेट बाहेर जाणाऱ्या विमानांचे भाडे 99 डॉलरवर रोखून धरले होते, असे सुधाने सांगितले. "भाडे रोखले, जागा वाढल्या का?" विनायकने विचारले. अण्णांनी चष्मा पुसला आणि थोड्या वेळाने कबूल केले की ऍप्रनवरून तेवढे दिसत नाही.