गुप्त तिजोरीची जाहीर स्थापना

काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या पाहुण्यांना माझी ओळख ‘हे आमचे बंदूकवाले’ अशी करून दिली, आणि नमस्कारासाठी उचललेले पाहुण्यांचे हात खांद्यांच्याही वर गेले. गेल्या महिन्यापर्यंत मी या इमारतीत ‘बँकवाले’ म्हणून सुखाने राहत होतो.

बंदूक आजोबांची आहे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, 1951 मध्ये गेली, शिकारीचे दिवस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याबरोबर संपले, पण बारा बोअरची ती दुनळी तेवढी उरली आणि वारसाने माझ्या परवान्यावर चढली. आजवर ती आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे उभी असे. आता घरात नातवंडे धावतात, 2016 च्या शस्त्र नियमांचाही सुरक्षित साठवणुकीवर भर आहे, म्हणून तिच्यासाठी रीतसर तिजोरी घ्यायचे ठरले. बंदूक सुटी न करता उभी ठेवायची तर आतून चार फूट उंची हवीच. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानांत मात्र ‘सोनं किती तोळे?’ या एकाच प्रश्नावर तिजोरीचे माप काढतात. मी चार फूट म्हटल्यावर दुकानदार गादीवरून उठला आणि त्याने स्वतः माझ्यासाठी चहा सांगितला. बंदुकीचे नाव काढताच तो चहा कुठे अडकला, ते कळले नाही.

बंदुकीसाठीच्या अखंड तिजोरीचे वजन सहज 300 किलोंच्या पुढे जाते. आमच्या लिफ्टमध्ये ‘6 व्यक्ती, 408 किलो’ अशी पाटी आहे, म्हणजे माणशी 68 किलो धरलेले. तिजोरी आत ढकलल्यावर हमालांपैकी कोणी जिन्याने यायचे, यावर वाद होणार हे उघड होते. म्हणून मॉड्युलर तिजोरी मागवली. तिच्या बाजू, पाठ, तळ, छत आणि दार असे सुटे पोलादी भाग येतात, ते एकेक करून वर न्यायचे आणि खोलीतच आतल्या बाजूने बोल्ट कसून उभे करायचे. सपाट खोक्यांत काय आहे ते शेजाऱ्यांना कळणार नाही, हा त्यातला मला सर्वाधिक आवडलेला गुण होता. तो गुण फाटकापर्यंत टिकला. चौकीदाराने खोक्यावरचे लेबल मोठ्याने वाचले आणि रजिस्टरमध्ये ‘बंदुकीचे कपाट, फ्लॅट 402’ अशी ठळक नोंद केली.

खाली 302 मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले एक काकाजी राहतात. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कोणतेही बांधकाम उरलेले नसल्यामुळे इमारतीत कुठेही ड्रिल सुरू झाले की ते त्या आवाजाच्या मागावर निघतात. फिटर पोराने तळाच्या अँकर बोल्टसाठी स्लॅबमध्ये पहिले भोक पाडायला घेतले आणि काकाजी दारात उभे राहिले.

“काहून जी, माह्या डोक्यावर काय ठोकून राहिले?”

मी ‘कपाट’ म्हणालो. त्यांनी रजिस्टर वाचलेले होते.

“कपाटाचं नाही म्हणत मी. स्लॅब पाच इंचांचा, तुमचा बोल्ट किती इंचांचा?” फिटरने बोल्ट दाखवला. काकाजींनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याच्या पेराने मोजला, आणि माझ्या पंख्याच्या शेजारी तो बाहेर आला तर मी त्याला टोपी अडकवीन, असे जाहीर केले. मग खिशातून पेन निघाले. राहत्या घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला 200 किलो भार धरतात, हे त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात लिहिले. तिजोरीचे वजन 150 किलो, बूड दोन फूट बाय दीड फूट, म्हणजे चौरस मीटरला 500 च्या वर, असा भागाकार केला, आणि त्या आकड्याखाली दोन रेघा ओढून माझ्याकडे पाहिले. हा भार संपूर्ण खोलीसाठी धरलेला असतो आणि या हिशेबाने उभ्या माणसाच्या दोन पावलांखालचा आकडा तिजोरीच्या कितीतरी पट निघतो, हे मी नम्रपणे सांगितले. ते ऐकून काकाजी लगेच खुर्चीत बसले आणि चहा आला तरी उठले नाहीत.

बसल्या जागेवरून त्यांनी कामाची सूत्रे हाती घेतली.

“बोल्ट आतून कसतेत म्हणता. मंग कसणारा बाहेर कसा येते?”

“दारातून, काकाजी,” फिटर तिजोरीच्या आतून म्हणाला.

“दार लागलं तर?”

“लावलं तरच लागते जी.”

“अन् कोणी लावलं तर?” हे विचारताना त्यांचा हात दाराच्या दिशेने गेला, असा माझा अजूनही संशय आहे. पोराने पाना खाली ठेवला, बाहेर आला आणि पुढचे सगळे बोल्ट एक पाय बाहेर ठेवून कसले.

काकाजींचे सगळेच बोलणे टाकाऊ होते असे मला म्हणता येत नाही, आणि माझा राग खरे तर त्यावरच आहे. तिजोरी कूलरच्या झोतात ठेवू नका, हे त्यांनीच सांगितले. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा नागपूरकर घरात दिवसभर ओली हवा खेळवतो, ती माणसाला मानवते, पण नळीला गंज आणते. मी आत सिलिका जेलची पुडी ठेवली आहे. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. ते गुलाबी झाले का, हे विचारायला काकाजी अधूनमधून वर येतात.

संध्याकाळपर्यंत इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश झळकला: ‘402 मध्ये बंदुकीची तिजोरी यशस्वीरीत्या बसली. अभिनंदन.’ खाली अंगठे, फुले आणि एक केक. ज्या वस्तूचा सगळा उपयोग ती कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसण्यात आहे, तिचा पत्ता आता दूधवाल्यालाही पाठ आहे. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना काशीला जाताना त्यात दागिने ठेवायचे आहेत. खंडेनवमीला बंदूक खाली आणून सामुदायिक पूजन करावे आणि ‘एक बार हवेत’ काढावा, अशी तरुण मंडळींची सूचना आहे. आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आली आहे, हे सांगितल्यावर मला ‘उत्साह नसलेला माणूस’ ठरवण्यात आले. गावाकडच्या चुलतभावाला रानडुकरांसाठी ती ‘चार दिवस’ हवी आहे, जणू परवाना बंदुकीच्या दस्त्याला बांधलेला असतो. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्यांची छाननी होते. जमा करा म्हटले की बंदूक ठाण्यात, आणि घरात अँकर बोल्टांनी जखडलेली रिकामी तिजोरी. इतका खर्च करून मी नेमके काय सुरक्षित केले, हे सौभाग्यवती विचारते तेव्हा माझ्याकडे फक्त सिलिका जेल असते.

काकाजींनी आता लेखी मागणी केली आहे की आणीबाणीसाठी तिजोरीची एक किल्ली 302 मध्ये असावी. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच ताब्यात राहिले पाहिजे, असे मी तितकेच लेखी उत्तर दिले. काल रात्री सोसायटीच्या सभेची सूचना आली. विषय क्रमांक 3, पाण्याची टाकी साफ करणे. विषय क्रमांक 4, ‘402 ची किल्ली’. विषय क्रमांक 5, अल्पोपाहार. स्थळ, सर्वांना तिजोरी पाहता यावी म्हणून, फ्लॅट 402.