आधी डिस्ट्रो तर ठरू दे

विंडोज काढायचं नाहीये हे आधीच सांगतो, कारण डुअल बूट म्हटलं की निम्मे लोक पहिला सल्ला हाच देतात, की काढूनच टाक ना ते. ऑफिसच्या एक्सेलमधले मॅक्रो आहेत, डिजिटल सहीचं एक सॉफ्टवेअर आहे जे दुसरीकडे कुठेच चालत नाही, त्यामुळे विंडोज राहणार. त्याच्या शेजारी त्याच डिस्कवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, टाकायचं आणि लॅपटॉप चालू केला की त्याने विचारायचं कुठे जायचंय, एवढी साधी इच्छा. मग प्रश्न आला, लिनक्स ठीक आहे, पण कुठलं?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये बाहेर काढला तो कर्नल, म्हणजे सगळ्यात आतला भाग, आणि तो सगळ्यांचा एकच. त्याच्यावर काय काय चढवायचं ह्यावर मात्र कोणाचं कोणाशी पटलं नाही आणि जितकी मतं तितके डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे तयार अवतार, झाले. डेबियन १९९३ चा. त्यातून २००४ मध्ये उबुंटू निघाला, उबुंटूवरून मिंट निघाला, आणि मिंटवाल्यांनी उद्या उबुंटू नसलाच तर पंचाईत नको म्हणून थेट डेबियनवर बेतलेला आणखी एक मिंट तयार करून ठेवलाय. डेबियनमध्ये तर सिस्टमडी नावाच्या प्रकारावरून, जो मशीन चालू होताना काय आधी सुरू करायचं आणि काय नंतर ते बघतो, अशी भाऊबंदकी झाली की २०१४ मध्ये काही मंडळी वेगळी निघाली आणि त्यांनी देवुआन काढला. हे सगळं मी रात्री जागून वाचलं. मला फक्त ब्राउझर आणि थोडं पायथन चालवायचं होतं.

बरं, कोणाला विचारायची सोय नाही. समोरचा आधी "तुझा वापर काय?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतः जे वापरतो तेच सांगतो. आर्चवाल्याला तर विचारावंही लागत नाही. तो म्हणतो आर्चमध्ये तुला हवं तेवढंच येतं, आणि ते खरंच आहे, फक्त आपल्याला वायफायसुद्धा हवं होतं हे इन्स्टॉल करतानाच आठवावं लागतं, नाहीतर रीस्टार्टनंतर काळ्या स्क्रीनवर कर्सर लुकलुकत असतो आणि ते कसं दुरुस्त करायचं ते इंटरनेटवर असतं. जेंटूवाला एक भेटला, त्यात प्रोग्राम आपल्याच मशीनवर कंपाइल, म्हणजे तयार, करून घ्यायचे असतात, त्याच्याकडे गप्पा मारायला भरपूर वेळ होता कारण घरी त्याचं काहीतरी कंपाइल होत होतं. फेडोरावाला म्हणाला ह्यात सगळं नवीन मिळतं, डेबियनवाला म्हणाला ह्यात काहीच नवीन मिळत नाही, आणि दोघंही कौतुकच करत होते.

उबुंटूचं त्यातल्या त्यात बरं, नंबर बघून कळतं कधीचं आहे. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. शिवाय प्रत्येकाला एक विशेषण आणि एक प्राणी असं नाव, २२.०४ ला जॅमी जेलीफिश, २४.०४ ला नोबल नंबॅट. नंबॅट हा वाळवी खाणारा ऑस्ट्रेलियन प्राणी आहे हे मला आता पाठ आहे, माझ्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड कुठल्या कंपनीचं आहे ते अजून बघायचं होतं. आणि उबुंटू ठरवला म्हणजे संपलं असंही नाही, त्याचा ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंची स्क्रीनवरची मांडणी, नको असेल तर कुबुंटू आहे, झुबुंटू आहे, लुबुंटू आहे.

पण खरं सांगू का, डिस्ट्रो निवडण्यात मजा एवढ्यासाठी येते की त्यात काहीच बिघडत नाही. बिघडू शकतं ते पुढे, पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांना, हात लावल्यावर, आणि तिथे कुठलाही डिस्ट्रो घ्या, भीती तीच. म्हणून तो दिवस पुढे ढकलायला "आधी डिस्ट्रो तर ठरू दे" ह्याच्याइतकं अभ्यासू कारण दुसरं नाही. घरच्यांनाही वाटतं काहीतरी संशोधन चालू आहे.

मग एकदाचं ते आलंच. आधी बॅकअप. मग बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की शोधायची, ४८ आकडी, ती कागदावर लिहून घेतली आणि परत परत ताडून पाहिली. फास्ट स्टार्टअप बंद करायचं, कारण ते चालू असलं की विंडोज शटडाउन केल्यावर पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मग विंडोजमध्येच डिस्क श्रिंक करायची. अर्धी डिस्क रिकामी दिसतेय, तरी विंडोज म्हणतं ह्यातली एवढीशीच सोडेन, कारण मध्येच कुठेतरी एक न हलणारी फाइल बसलेली. हायबरनेशन बंद कर, पेजफाइल काढ, रीस्टार्ट कर, आता विचार. तेव्हा कुठे जरा सरकलं.

पेनड्राइव्ह तयार केला तर विंडोजने लगेच विचारलं, हा फॉरमॅट करू का? म्हटलं नको बाबा. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, एकेक डिस्ट्रो लावून बघितला आणि ज्यात वायफाय, आवाज आणि ब्राइटनेसची बटणं काही न करता चालली तो घेतला. तो मिंट निघाला. माझ्या मते एवढी परीक्षा पुरे, सिस्टमडीचा इतिहास नंतर वाचला तरी चालतो. (मिंटमध्येही डेस्कटॉप सिनॅमन, माटे की एक्सएफसीई हे ठरवायचं असतं, त्यात आणखी एक शनिवार-रविवार गेला, ते सोडा.)

इन्स्टॉलरमध्ये "विंडोजच्या शेजारी टाका" आणि "अख्खी डिस्क पुसून टाका" हे दोन पर्याय एकाखाली एक असतात. ज्याने कोणी ही मांडणी केली त्याच्या डिस्कवर कधी घरचे फोटो नसावेत.

झालं एकदाचं. दोन्ही चालतात. पहिल्याच दिवशी विंडोजचं घड्याळ काही तास चुकलं, कारण मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज लोकल टाइम आहे असं धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ते टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून मिटलं. राहिलंय ते विंडोज अपडेटचं. अपडेट अधेमधे रीस्टार्ट होतं, ग्रबचा, म्हणजे चालू होताना कुठे जायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो, काही सेकंद वाट बघतो आणि सरळ लिनक्समध्ये घुसतो, अपडेट तिकडे लटकलेलं. एका फाइलमध्ये एक ओळ बदलली की हे थांबतं, मला माहितीये, सांगू नका, ग्रबच्या फाइलला हात लावायची हिंमत अजून झालेली नाही. तोपर्यंत अपडेट आलं की लॅपटॉपसमोर बसून राहायचं आणि दर रीस्टार्टला खालच्या बाणाने विंडोज निवडून द्यायचं. मधल्या वेळात मी फोनवर फेडोराबद्दल वाचतो.