ओरंडा माशांवरच्या 'पांढऱ्या ठिपक्यां'च्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं असं, की आमच्याकडून नेलेल्या चार ओरंडा जातीच्या गोल्डफिशपैकी दोन तिसऱ्या दिवशी मेले, उरलेल्यांतल्या एकाच्या गालावर पांढरे ठिपके आले, म्हणजे आम्ही रोगट मासे गळ्यात मारले आणि पैसे मागितल्यावर हात वर केले. फोटो टाकलात हे बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे.

फोटो मोठा करून बघा. ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि त्यामागच्या पराच्या पहिल्या काडीवर आहेत. एकसारखे, रांगेत. अंगावर नाहीत, शेपटीवरही नाहीत. हा रोग नव्हे. वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या दिवसांत अशा पुळ्या येतात आणि हंगाम सरला की आपोआप जातात. औषधाची गरज नसते. व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा खरा रोग असता तर वरून मीठ भुरभुरल्यासारखा कुठेही दिसला असता, एक-दोन दिवसांत वाढला असता आणि मासा खडीवर अंग घासत फिरला असता.

व्हाइट स्पॉटचा जंतू कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो आणि तिथे एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं साधारण दोन दिवसांत माशाला चिकटली नाहीत तर मरतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या पिल्लांनाच, कातडीखालच्या जंतूला नाही. पाणी २५-२६ अंश असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक लॉट आम्ही १० दिवस वेगळ्या टाकीत ठेवतो आणि मगच विक्रीला काढतो.

मग दोन मेले कशानं? तुम्हीच लिहिलंय: संध्याकाळी टाकी टँकरच्या पाण्यानं भरली, रात्री मासे सोडले, सकाळी चारही मासे वर येऊन तोंड मारत होते. टँकरमध्ये ब्लिचिंग पावडर बहुतेक वेळा अंदाजानं पडते. माणसाला ते पाणी चालतं, माशाचे कल्ले त्यातल्या क्लोरीननं भाजतात. भाजलेल्या कल्ल्यातून श्वास पुरत नाही, म्हणून मासा वर येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. उन्हाळा तोंडावर आला, टँकर सुरू झाले की अशा तक्रारी वाढतात, आणि दोष नेहमी माशाच्या माथी.

त्यात अमोनियाची, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात सुटणाऱ्या विषाची, भर. २ बाय १ बाय १ फुटाच्या टाकीत खडी धरून जेमतेम ५० लिटर पाणी बसतं. त्यात तीन इंची चार ओरंडा आणि दिवसातून तीनदा खाणं! माशांची घाण पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरच्या स्पंजात नसतात, ते नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय आपल्याकडचं पाणी जड, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ८ च्या आसपास. पीएच ७ ला जितका अमोनिया मासा सोसतो, तितकाच ८ ला जवळपास दहापट विषारी ठरतो. पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यातले व्हिडिओ बघून इथे टाकी लावली की नेमकं इथेच फसतं.

ठिपक्यांसाठी टाकत असलेलं मिथिलीन ब्लू हे औषध आता बंद करा. तसंही फिल्टरमध्ये काळा कार्बन चालू असताना ते टाकलंत, म्हणजे बरंचसं औषध कार्बननंच ओढून घेतलं. जे उरलं, ते जिवाणू बसू देत नाही. दोन मुठी मीठ टाकलंय तेवढं पुरे, आणखी नको.

उरलेल्या दोघांसाठी दोन दिवस खाणं बंद. नंतर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. रोज १५ लिटर पाणी बदला. ते आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. घाई असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे आधी विरघळवून टाका, ५० लिटरला अर्धा ग्रॅम. टँकरच्या पाण्याला कधीकधी एवढ्यानं भागत नाही, म्हणून ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करा. गावात जलसुरक्षक करतो तीच. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. आमच्या चालू फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा फुकट देतो, ओलाच न्यायचा, त्यानं जिवाणू लवकर बसतात. आमच्या टाकीवर विश्वास नसेल तर ओळखीतल्या कुणाच्या जुन्या टाकीतला घ्या, काम तेच होईल.

पैशांचं. पिशवीतच मेलेला मासा किंवा सात दिवसांत अंगभर ठिपके आलेला मासा आम्ही बदलून देतो किंवा पैसे परत करतो, हे पावतीमागे छापलेलं आहे. तुमची तक्रार या दोन्हींत बसत नाही, म्हणून नकार दिला आणि तो कायम आहे. निदान पटत नसेल तर टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून त्याच दिवशी घेऊन या. अमोनिया आणि पीएच तुमच्यासमोर तपासतो, पैसे लागणार नाहीत. मात्र पाणी बदलायच्या आधी भरा, नंतर भरलंत तर आकडा कमी दिसेल.