देव व्हायचंय? फोंड्याला या

बोटातून वीज काढता येते, मेलेला उठवता येतो, समुद्र दुभंगता येतो, तर नुसतं जादूगार म्हणून किती दिवस राहणार? कल्पित जगांतले तुमचे भाऊबंद शेवटी एकच करतात: सोन्याचं सिंहासन, ढगाला टेकलेलं देऊळ आणि खाली जमिनीला कपाळ लावलेली प्रजा. तुम्हीही करा. फक्त राजधानी गोव्यात, शक्यतो फोंडा तालुक्यात थाटा. देव सांभाळायचा सराव असलेली माणसं तिथे तयार मिळतात.

सुरुवातीलाच डोंगर हलवून दाखवू नका. ते काम इथे खाणवाल्यांनी मंत्राशिवाय करून दाखवलंय, आणि वर डोंगर बार्जमध्ये भरून मांडवीतून बाहेरही धाडलाय. लोक तुमच्याकडे बघून एवढंच विचारतील, 'धूळ कोण झाडणार?'

दिवसभर सिंहासनावर बसून राहण्याचा बेत असेल तर तोही सोडा. गावोगावचा राखणदार देव बघा. हातात दांडा घेऊन रात्रभर शिवेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, आणि मोबदला काय, तर रोट, विडी आणि घोटभर दारू. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. तुमच्या सिंहासनाखाली डोकावून एखादी म्हातारी बोललीच म्हणून समजा: 'ह्याच्या वहाणा अजून कोऱ्या कशा रे?' त्या प्रश्नावर कुठल्याच पोथीत मंत्र नाही.

हुकूम सोडायची हौस असेल तर ती आधीच भागवून घ्या. इथे देव हुकूम सोडत नाही, कौल देतो. तुमच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतील आणि विचारतील, 'पोराला दुबईची नोकरी घेऊ दे, की इथलीच सरकारी मिळेपर्यंत थांबवू?' उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुम्ही अर्धं ब्रह्मांड जाळू शकता, कबूल. पण बोलायचं पाकळीने. शिवाय उत्तर गैरसोयीचं आलं तर कुणीतरी घसा खाकरून म्हणेल, 'प्रश्न नीट मांडला गेला नाही, परत लावूया.' गाऱ्हाणंही कान देऊन ऐका. 'बा म्हाराजा' अशी सुरुवात गोड असते, पण पुढे अमक्याचं हे कर, तमक्याचं ते दूर कर, अशी कामांची यादी येते आणि प्रत्येक कलमावर मागून 'व्हय म्हाराजा' अशी सामुदायिक सही पडते. यादी लांबली, तर आम्ही देव पाण्यात घालून बसतो. पोहता येतं ना?

मन छोटं करू नका, थोरामोठ्यांचीही हीच गत झाली. तिसरा रामसेस इजिप्तचा जिताजागता देव. त्याच्याच राजवटीत, इसवी सनापूर्वी 12व्या शतकात, राजांची थडगी खोदणारे कारागीर धान्याचा वाटा थकला म्हणून हत्यारं खाली ठेवून संपावर बसले. रोमच्या सिनेटने तर ज्युलियस सीझरला अधिकृत देव केलं ते इसवी सनापूर्वी 42 साली, सिनेटरांनीच त्याला भोसकल्यावर दोन वर्षांनी. देवपण देण्याची ही वेळ मला फार समंजस वाटते. मेलेला देव खर्च वाढवत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रजेला संकटातून वाचवीन, मग तरी मानतील. इथला अनुभव उलटा आहे. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेशाला कुठ्ठाळीहून हलवावं लागलं, तेव्हा झुवारी नदी ओलांडून त्याला फोंड्यातल्या प्रियोळला आणला तो भक्तांनी. स्वतःचं घरदार मागे टाकून त्यांनी देव वाचवला. असल्या लोकांपुढे 'मी तुमचा तारणहार' असं म्हणताना आवाज जरा खालीच ठेवा.

आणि आता कागदपत्रं. गोव्यात देवस्थान 1933 च्या पोर्तुगीज कायद्यावर चालतं. पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, नोंदवही असते, महाजन कमिटी निवडतात, वर देखरेखीला मामलेदार. तुमचं सोन्याचं सिंहासन जमेच्या बाजूला चढेल, रोजचं तेल-वात खर्चाच्या. पालखीत कधी बसायचं तेही ठरलेलं असेल. मंगेशाची सोमवारी निघते, तुम्हाला मोकळा वार शोधावा लागेल. कमिटीत दोन तट पडले आणि भांडण कोर्टात गेलं, तर गाभाऱ्याची किल्ली कुणाकडे या मुद्द्यावर तुमच्या नावाने तारखा पडतील. तेव्हा संतापून डोळ्यांतून ज्वाळा काढू नका, मंडपाची रंगरंगोटी नुकतीच झालेली असते.

निवडणुकीच्या दिवशी मत द्यायलाही धावू नका. नोंदवहीत नावं महाजनांची असतात, देवाचं नसतं. फारच आग्रह असेल तर कौल द्या. पाकळी लावायची की नाही, ते नवी कमिटी बैठकीत ठरवील.