राक्षस आहे की मलबार हिलचा बिल्डर?

विरार लोकलमध्ये टाईमपास म्हणून मोबाईलच्या ॲपवर वाचते मी या राक्षस आणि माणसाच्या लव्हस्टोऱ्या, पण आता डोकंच फिरायला लागलंय. प्रत्येक गोष्टीत तोच तो, वय पाचशे वर्षं, सिक्स पॅक, मलबार हिलला सी फेसिंग पेंटहाऊस आणि अंगात काळा कोट, मे महिन्यात, मुंबईत, कोट! आणि हिरोईन त्याचे लालभडक डोळे बघत बसते, एकदा पण विचारत नाही की बाबा तू जेवतोस काय.

आपल्याकडे काय कमी होतं का? हिडिंबा बघा ना. भावाने पाठवलं पांडवांना मारून आणायला, तर ही भीमावरच फिदा, आणि नंतर सरळ कुंतीसमोर उभं राहून सांगितलं की मला हाच पाहिजे. अट काय, तर दिवसभर कुठे फिरवायचं तिथे फिरव, रात्री घरी आणून सोड, ते पण मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच झाला, विषय संपला. त्यात सासू पण आहे हो, अजून काय पाहिजे! नाहीतर उलट्या पायांची हडळ घ्या, दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी सातला तिचे पाय कोणाला दिसणारेत?

पण नाही. यांना कोटवालाच पाहिजे. परवा तो आपला भयंकर शाप सांगणार तेवढ्यात चॅप्टर लॉक, कॉइन्स भरा म्हणे. भरल्यावर शाप काय निघाला, तर त्याला प्रेम करता येत नाही. पाचशे वर्षं जगून हा प्रॉब्लेम?